वावर गहाण टाकण्याआधी गाइडचं नाव विचार

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी वणी तालुक्यातल्या एका खेड्यातली, केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा, गेटचा निकाल लागला, स्कोअर मध्यम आहे. जुन्या आयआयटीत नंबर लागणार नाही असं सीनियर सांगतात, पण नागपूरचं व्हीएनआयटी किंवा बाहेरच्या राज्यातली एखादी एनआयटी मिळू शकेल. मुंबईच्या आयसीटीचाही (रसायन तंत्रज्ञान संस्था) विचार आहे. मामा म्हणतात, ब्रँच कोणतीही घे, नाव मोठं पाहिजे. नागपूरचा एक कन्सल्टंट इंग्लंडमध्ये एका वर्षाचं एम.एस्सी. करून देतो म्हणतो, सगळा खर्च २६ लाख. बाबांचं सहा एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस आणि तूर. ते म्हणतात, "वावर गेलं तं गेलं, पन तू मांगं नको राहू." हे ऐकल्यापासून मला झोप नाही. आमच्या भागात पाण्यात फ्लोराइड आहे म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी त्यावरच घेतला होता. फ्लोराइड धरून ठेवणारा पदार्थ भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून पाणी सोडायचं. त्या कॉलमपाशी बसून दर अर्ध्या तासाने सॅम्पल काढत अख्खी रात्र काढली, ते मला फार आवडलं. पण त्यात करिअर नाही असं सगळे म्हणतात. एम.टेक.साठी मी कोणतं विद्यापीठ निवडू?

उत्तर

प्रिय पोरी,

तुझ्या पत्रात दोन वाक्यं मोलाची आहेत, एक बाबांचं आणि एक तुझं. बाबांच्या वाक्याने तुझी झोप उडाली आहे, म्हणून आधी त्याचं बघू.

भारतात एम.टेक. करायला वावर लागत नाही. गेटच्या स्कोअरवर एआयसीटीई-मान्य (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने मान्य केलेल्या) संस्थेत, एनआयटीत किंवा आयआयटीत पूर्णवेळ प्रवेश घेतला की सध्या दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, दोन वर्षं. मेस आणि वरखर्च त्यात निघतो. राहिली फी. तिच्यासाठी पीएम-विद्यालक्ष्मी ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आहे. यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं, आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत आहे. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर ही सवलत राहते का, एवढं बँकेत आधी विचारून घे. कर्जाचा अर्ज तुझ्या नावाने, फेडायचं तुझ्या पगारातून. बाबांच्या सातबाऱ्यावर एका रुपयाचाही बोजा चढवायची गरज नाही.

आणि बँक शेतीवर २६ लाख देईल असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. बँकांना तारण जप्त करून विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातली वसुली शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे शिक्षणकर्जासाठी बँका वावराचं तारण सहसा टाळतात. त्यांना घर, प्लॉट, मुदतठेव हवी असते. मग सहा एकर कोरडवाहूवर एवढा पैसा देणारा कोण उरतो, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. सावकार गहाणखत करत नाही, खरेदीखत करून घेतो आणि पैसे दिले की परत लावून देतो असं तोंडी म्हणतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने अशी जमीन परत मागता येते, पण त्या वाटेवर फार चपला झिजतात. हा परिच्छेद बाबांना वाचून दाखव. त्यांचं मन मोठं आहे म्हणूनच त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

खरी अडचण जूनची आहे. सीट पक्की करायचे पैसे, हॉस्टेलची अनामत, पहिल्या सत्राची फी हे सगळं मे ते जुलैत येतं, आणि नेमकं तेव्हाच घरात बियाणं, खत, मजुरी यासाठी एकेक रुपया मोजला जातो. त्यात विद्यावेतन पहिल्या महिन्यापासून हातात पडेलच असं नाही, कित्येकदा तीन-चार महिन्यांचं एकदम जमा होतं. म्हणून कर्जाची फाइल सीट मिळायची वाट न बघता आत्ताच तयार ठेव: उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, गेटचं स्कोअरकार्ड, बाबांचं आणि तुझं पॅन. पहिल्या चार महिन्यांचा मेसचा पैसा कुठून येणार ते बाबांशी बसून ठरव. ही रक्कम काही हजारांची आहे, लाखांची नाही.

इंग्लंडचं आता थोडक्यात. तिथे केमिकलची उत्तम विद्यापीठं आहेत. हा विषयच मँचेस्टरला १८८७ साली जॉर्ज डेव्हिस यांनी दिलेल्या व्याख्यानांतून उभा राहिला असं म्हणतात. पण कन्सल्टंट तुला तिथलं कुठलं विद्यापीठ देतोय हे तू पत्रात लिहिलेलंच नाहीस, आणि मला वाटतं त्यानेही नीट सांगितलेलं नसेल. बरीच परदेशी विद्यापीठं विद्यार्थी आणून देणाऱ्याला कमिशन देतात, त्यामुळे तो ज्याचं नाव पुढे करतो ते तुझ्यासाठी चांगलं आहे की त्याच्यासाठी, हे तुलाच तपासावं लागेल. त्याला दोन प्रश्न विचार. ही पदवी तिथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ केमिकल इंजिनिअर्सने मान्य केलेली आहे का? आणि महाराष्ट्र शासनाच्या परदेशी शिष्यवृत्तीत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची जी अट असते, त्यात हे विद्यापीठ बसतं का? शासन ज्या विद्यापीठावर पैसे घालायला तयार नाही, त्यावर बाबांनी वावर का घालावं? शिवाय एका वर्षाच्या अभ्यासक्रमात हाताने प्रयोग करायला उन्हाळ्याचे जेमतेम तीन महिने मिळतात. तुला रात्रभर कॉलमपाशी बसायला आवडतं. तीन महिन्यांत कॉलम उभाच राहतो, चालत नाही.

परदेशाचं दार मी बंद करत नाही. एम.टेक. झाल्यावर खरंच संशोधनाची ओढ असेल तर अमेरिकेत केमिकलच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. स्वतःच्या खिशातून पैसे जातात ते एम.एस.ला. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ हे अपवाद, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी आहे. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे साधारण १२ लाख रुपये, बंद खात्यात आधी दाखवावे लागतात, आणि भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस नावाचं कागदपत्र-पडताळणीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. दोन वर्षांनी, हातात चांगला प्रबंध आणि थोडी बचत असताना हे जास्त सोपं जाईल.

आता तुझ्या वाक्याकडे येते. दर अर्ध्या तासाने सॅम्पल काढत रात्र काढली, ते मला फार आवडलं, असं तू लिहिलंस. मी बरीच वर्षं केमिकलच्या मुलांना शिकवलं आहे. "मला रिसर्चमध्ये इंटरेस्ट आहे" असं शेकडो जणांनी सांगितलं. रात्री दोनचं आणि अडीचचं सॅम्पल घ्यायला आवडलं असं सांगणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कोणतं विद्यापीठ, या प्रश्नाची सुरुवात मी इथून करेन.

एम.टेक.चं पहिलं वर्ष देशभर थोड्याफार फरकाने सारखंच असतं. ट्रान्सपोर्ट फिनॉमिना, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग, थर्मोडायनॅमिक्स, गणित, एखादं सिम्युलेशन. पुस्तकं तीच, गणितं तीच. फरक पडतो तो दुसऱ्या वर्षी. ते वर्ष एका माणसाच्या हाताखाली, एका लॅबमध्ये, एका प्रश्नावर जातं. मुलाखतीत कंपनी त्याच वर्षाबद्दल विचारते आणि पीएचडीला बघतात तेही तेच वर्ष. तू विद्यापीठ निवडते आहेस असं तुला वाटतं, पण प्रत्यक्षात तू ते वर्ष निवडते आहेस.

हे मी चुकून शिकले. आर्वीकडच्या खेड्यातून निघून मी एका मोठ्या नावाच्या संस्थेत एम.टेक.ला गेले. ज्या सरांचं काम वाचून गेले होते ते दीर्घ रजेवर परदेशी आहेत हे मला तिथे पोचल्यावर कळलं. गाइड वाटून दिले गेले. मला मिळालेल्या विषयाला एक पंप लागणार होता, तो यायला नऊ महिने लागले. शेवटी घाईघाईने संगणकावर मॉडेल करून प्रबंध दिला. माझी वर्गमैत्रीण मात्र एका लहान, फारसं कोणी नाव न घेणाऱ्या विभागात गेली होती. तिचे सर नुकतेच नोकरीला लागलेले, संध्याकाळी सातला लॅबमध्ये येऊन प्रयोगाचं रीडिंग घेणारे. तिच्या फ्लुइडाइज्ड बेडचे आकडे आजही मला आठवतात, कारण दर पत्रात ती ते मला लिहायची. माझ्या पत्रांत लिहायला काही नसायचं. संस्थेचा दोष होता असं मी म्हणत नाही. मी एकही प्रश्न न विचारता गेले होते.

मोठ्या नावांतही हीच गोष्ट दिसते. रघुनाथ माशेलकर मुंबईच्या यूडीसीटीतून (आताची आयसीटी) १९६६ साली पदवीधर झाले आणि तिथेच मन मोहन शर्मांकडे १९६९ मध्ये पीएचडी झाले. शर्मा १९३७ चे, केंब्रिजहून येऊन १९६४ साली प्राध्यापक झालेले. म्हणजे माशेलकर त्यांच्याकडे गेले तेव्हा शर्मांना तिशीही लागलेली नव्हती. पुढे १९९० मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा विज्ञानातला फार मोठा मान. पण १९६६ मध्ये ही बिरुदं नव्हती. तेव्हा होता तो वेळ देणारा, भूक असलेला तरुण शिक्षक. म्हणून यादी बघताना ज्येष्ठ प्राध्यापकांपाशीच थांबू नकोस. तीन-चार वर्षांपूर्वी लागलेला असिस्टंट प्रोफेसर तुझ्यासाठी कदाचित जास्त चांगला.

आता कामाचं. तुझा विषय अ‍ॅड्सॉर्प्शन, म्हणजे पाण्यातला किंवा वायूतला नको तो घटक घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून ठेवणं. त्यात करिअर नाही म्हणणाऱ्यांनी तुझा कॉलम नीट बघितलेला नाही. २०२१ मध्ये जिल्हा रुग्णालयांत जे पीएसए (दाब बदलून वायू वेगळे करणारे) ऑक्सिजन प्लांट बसले, त्यात तुझ्यासारखेच कॉलम आहेत. झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरतं आणि ऑक्सिजन पुढे जातो. रिफायनरीत हायड्रोजन शुद्ध करतात तो असाच. औषध कंपनीत रंग काढायला कार्बनचा बेड असतो. प्रत्येक केमिकल कारखान्याला सांडपाण्याचा प्लांट चालवावाच लागतो, आणि आता बऱ्याच ठिकाणी पाण्याचा थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही अशी अट असते. ज्या मुलीला ब्रेकथ्रू कर्व, म्हणजे कॉलम भरत आल्यावर नको तो घटक बाहेर कसा यायला लागतो त्याचा आलेख, काढता येतो आणि तो तसा का वाकला हे सांगता येतं, ती यातल्या कुठल्याही दारात उभी राहू शकते. फ्लोराइड हे तुझं पहिलं उदाहरण आहे, शेवटचं नव्हे. आणि तेही लहान नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको असं भारतीय मानक सांगतं. झरी-जामणी आणि पांढरकवड्याकडच्या गावांत दात पिवळे पडलेली आणि गुडघे धरलेली माणसं तू माझ्यापेक्षा जास्त पाहिली असशील.

तर पुढचे आठ दिवस असे घालव. व्हीएनआयटी, आयसीटी आणि तुझ्या स्कोअरला शक्य वाटणाऱ्या चार-पाच एनआयटी, प्रत्येकीच्या केमिकल विभागाचं पान उघड आणि प्राध्यापकांची नावं वाच. पाणी, अ‍ॅड्सॉर्प्शन, मेम्ब्रेन, सेपरेशन असं ज्यांच्या नावापुढे आहे त्यांचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध गूगल स्कॉलरवर बघ. निबंध किती आहेत हे मोजत बसू नकोस, पहिलं नाव कोणाचं आहे ते बघ. एम.टेक.च्या विद्यार्थ्याचं नाव कुठेच पहिलं नसेल तर त्या लॅबमध्ये एम.टेक.ची पोरं पीएचडीवाल्यांचं सॅम्पल भरण्याचं काम करतात असं समजायला हरकत नाही.

मग दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठ. सीनियरच्या सीनियरला विचारून, लिंक्डइनवरून, कसंही. प्राध्यापक जे सांगणार नाहीत ते ही पोरं दोन मिनिटांत सांगतात. गाइड कधी आणि कसा मिळतो, आपण निवडतो की गुणांवर वाटतात? सर यंदा रजेवर किंवा निवृत्तीला आले आहेत का? लॅबमधला गॅस क्रोमॅटोग्राफ, स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू आहे का, की कापड घालून ठेवलाय? सॅम्पल बाहेर तपासायला पाठवावं लागलं तर पैसे कोण देतं? मुलींना लॅबमध्ये रात्री किती वाजेपर्यंत थांबता येतं आणि हॉस्टेलचं दार किती वाजता लागतं? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नकोस. ज्या मुलीचा कॉलम अठरा तास चालतो तिचा प्रबंध या एका उत्तरावर अडकू शकतो.

प्लेसमेंटचं विचारशील तर केमिकल एम.टेक.चंच विचार. संस्थेच्या पत्रकातला मोठा आकडा बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या एखाद्या मुलाचा असतो. केमिकलच्या एम.टेक.ला किती जण होते, त्यातले किती प्लेसमेंटला बसले, किती जणांना प्रोसेसमधली नोकरी लागली, एवढंच. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारीही तशीच वाच. २०१६ पासून निघणाऱ्या त्या यादीत शिक्षण, संशोधन, निकाल, समावेशकता आणि प्रतिमा असं सगळ्या संस्थेचं मोजमाप होतं. तुझ्या होणाऱ्या गाइडचा पंप आला की नाही हे त्यात नसतं. मामांना हेच सांग, पण आदराने सांग. त्यांची काळजी खोटी नाही. गावात परत आल्यावर लोक नावच विचारतात हे त्यांना माहीत आहे. मात्र नावासाठी ब्रँच बदलू नकोस. चार वर्षं जे शिकलीस त्यावर दोन वर्षं आणखी घालायची की ते सोडून नव्याने सुरू करायचं, असा तो प्रश्न आहे, आणि तुझं उत्तर तू त्या रात्री लॅबमध्ये दिलेलं आहेस.

आता तुझ्या पर्यायांबद्दल माझं स्पष्ट मत.

व्हीएनआयटीला मी वर ठेवते. घराजवळ आहे हे कारण माझ्या दृष्टीने दुय्यम. मुख्य कारण, नीरी नागपुरातच आहे. १९५८ मध्ये सुरू झालेली ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था पाण्यावरच्या कामासाठी देशभर ओळखली जाते. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत तिथलीच, तुझ्या प्रोजेक्टच्या संदर्भांत तू ती लिहिलीच असशील. व्हीएनआयटीत राहून नीरीच्या शास्त्रज्ञाला सह-मार्गदर्शक करता येतं का, हा प्रश्न विभागाला मेलने विचार. लेखी हो आलं तर माझ्या मते तुझा शोध तिथे संपतो. शिवाय सॅम्पलचं पाणी तुझ्याच गावच्या हातपंपाचं असेल, आणि ते आणायला वणीची एसटी आहे.

आयसीटीचं नाव आपल्या क्षेत्रात सोन्यासारखं आहे. १९३३ पासूनची परंपरा, २००८ पासून अभिमत विद्यापीठ, आणि केमिकल कंपन्यांशी जिवंत संबंध. उद्योगात लवकर शिरायचं असेल तर तिच्यासारखी जागा नाही. दोन गोष्टी मात्र बघ. माटुंग्याखेरीज जालना आणि भुवनेश्वरलाही तिचे कॅम्पस आहेत, तेव्हा जाहिरातीतला अभ्यासक्रम कुठला ते वाच. आणि तिथे केमिकल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी वेगळी, तेल, रंग, पॉलिमर, अन्न यांच्या टेक्नॉलॉजीचं एम.टेक. वेगळं. इंजिनिअरिंगमध्ये प्रक्रिया शिकतात, माल कुठलाही असो. टेक्नॉलॉजीत त्या मालाचं सगळं शिकतात. तुझा कल पहिल्याकडे दिसतो. त्यांची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र असते, एनआयटीचा फॉर्म भरला म्हणजे तिथे अर्ज गेला असं होत नाही. मुंबईचा खर्च विद्यावेतनात बसवणं कठीण आहे, म्हणून हॉस्टेल मिळण्याची खात्री आधी करून घे.

नागपूरचं लक्ष्मीनारायण विसरू नकोस. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली ही संस्था २०२३ पासून स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. विदर्भातल्या कुठल्याही प्रोसेस प्लांटमध्ये जा, तिथला एखादा तरी माणूस लक्ष्मीनारायणचा निघतो. विद्यापीठ नवं होत असताना विभाग बदलत असतात, चांगल्याकडेही आणि गोंधळाकडेही. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलल्याशिवाय ठरवू नकोस.

बाहेरच्या एनआयटींबद्दल एकच: तमिळनाडू, तेलंगण, ओडिशा, गुजरात यांपैकी कुठेही नुसत्या नावावर जाऊ नकोस, पण तुझ्या विषयाचा माणूस तिथे सापडला तर अंतराला घाबरूही नकोस. सेवाग्राम, बल्लारशाहवरून दक्षिणेकडे गाड्या भरपूर आहेत.

आयआयटीची आशा एवढ्यात सोडू नकोस. मुंबईच्या आयआयटीत टीचिंग असिस्टंटच्या जागांखेरीज रिसर्च असिस्टंटच्या जागा असतात, तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि निवडीत मुलाखतीलाही वजन असतं. तुझ्यासारखी हाताने काम केलेली मुलगी मुलाखतीत पुढे जाते हे मी पाहिलं आहे. तिथेच सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे, पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांना ते ओळखीचं असतं. मात्र आयआयटींना एकेक करून वेगळा अर्ज करावा लागतो. सीओएपी पोर्टलवर फक्त त्यांनी दिलेल्या ऑफर दिसतात, तिथे नाव नोंदवलं म्हणजे अर्ज झाला असं नाही. दर वर्षी काही मुलं इथेच चुकतात. एनआयटीसाठी सीसीएमटी ही सामाईक प्रवेशप्रक्रिया, तिथे पसंतीक्रम भरायचा असतो. तो मनातल्या खऱ्या क्रमाने भर, हे मिळणार नाही म्हणून खाली टाकू नकोस. मागच्या वर्षी कुठे किती स्कोअरला प्रवेश थांबला ते त्यांच्या संकेतस्थळावर असतं, सीनियरच्या अंदाजापेक्षा ते बघ.

आणि गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. यंदा मनासारखं काही मिळालं नाही तर बुटीबोरीला वर्षभर शिफ्टमध्ये काम करून पुन्हा परीक्षा देणं हा पराभव नाही. प्लांटमध्ये व्हॉल्व्ह फिरवून आलेली पोरं एम.टेक.ला वेगळेच प्रश्न विचारतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलचाही फॉर्म भर. केमिकलला तिथे जागा असतात आणि प्रशिक्षणातही विद्यावेतन मिळतं.

तू ओबीसी आहेस की नाही हे लिहिलं नाहीस. असशील, किंवा विमुक्त-भटक्या प्रवर्गातली असशील, तर हे सगळ्यात तातडीचं. एनआयटी आणि आयआयटीला राज्याचा दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं, चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं. तुझी जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघावं लागतं, कारण दोन्ही याद्या सारख्या नाहीत. आपल्याकडे ज्यांना एनटीचं वेगळं आरक्षण आहे ते केंद्रात, यादीत असतील तर, ओबीसीत मोजले जातात. चांगला स्कोअर असलेली एक मुलगी केवळ राज्याचा दाखला लावला म्हणून खुल्या प्रवर्गात ढकलली गेलेली मला माहीत आहे. पेरणीच्या हंगामात सेतू केंद्रातही गर्दी असते आणि बाबांनाही सवड नसते, तेव्हा हे एप्रिलमध्येच उरकून घे.

शेवटी मेलचं सांगते, कारण ते तुझ्या हातात आजच आहे. तीन प्राध्यापक निवड आणि प्रत्येकाला वेगळा मेल लिही. आपलं महान संशोधन वाचून प्रभावित झाले, असं काही लिहू नकोस, असे मेल त्यांना रोज येतात. पाच-सहा ओळी पुरेत. मी कोण, कुठली. अमुक कॉलममध्ये अमुक पदार्थ भरून फ्लोराइडवर काम केलं. तुमच्या अमुक निबंधातली अमुक गोष्ट माझ्या निकालाशी जुळली नाही किंवा जुळली. पुढच्या वर्षी एम.टेक.ची विद्यार्थिनी घेणार आहात का? आणि सोबत त्या रात्रीचा आलेख जोड, वहीतला असला तरी चालेल, फोटो नीट काढ. इंग्रजी साधी राहू दे. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून दे. त्यानंतरही नाही आलं तर ते नाव खोडून पुढे जा. जो माणूस आत्ता उत्तर देत नाही तो प्रबंधाचा मसुदाही वेळेवर वाचणार नाही.

कन्सल्टंटने नाव राखून ठेवायचे म्हणून काही रक्कम मागितली असेल तर देऊ नकोस. आणि तिन्ही मेलची जी काही उत्तरं येतील ती मला पाठव, नाही म्हणणारीसुद्धा. सीसीएमटीचा पसंतीक्रम आपण ती समोर ठेवून लावू.

तुझी
ताई